निळी पेटी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या आसगावात दोन कामांची एकच गर्दी उडते. शेतात हलका धान कापणीला आलेला असतो आणि घरात माळ्यावरची अडगळ अंगणात उतरलेली असते. धानाचे काम मजुरांवर सोपवता येते. अडगळीचे तसे नाही. कोणती वस्तू पुन्हा माळ्यावर चढवायची आणि कोणती भंगारवाल्याच्या तराजूत घालायची, याचा निवाडा घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाच करावा लागतो. आणि निवाडा कसाही दिला तरी एक पक्ष रुसतोच. जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मी नेहमी वस्तूच्या बाजूने कौल देतो, असा माझ्यावर घरात आरोप आहे. आज तो खरा आहे. पूर्वी नव्हता, हे पुढे ओघाने येईलच.

गेल्या दिवाळीत हे न्यायदान चालू असताना माझी नात ओसरीवर बसून आपल्या फोनवर एक इंग्रजी मालिका पाहत होती. मदत करण्यासाठी म्हणून ती नागपूरहून आली होती, हे जाता जाता सांगितले पाहिजे. मी सहज डोकावलो. एका शेताच्या कडेला निळ्या रंगाची एक उभी पेटी होती. आपल्याकडे रेल्वे फाटकावरच्या चौकीदाराला जेमतेम उभे राहता येईल असे खोपट असते, तेवढीच. तिच्या दारातून एकामागून एक चार माणसे बाहेर पडली. पुढे बैलगाडी, पागोटे घातलेले शेतकरी, धुळीचा रस्ता. मी विचारले, ‘हे कुठले गाव?’ नात म्हणाली, ‘पंजाब, आबाजी. ऑगस्ट १९४७.’

इतिहासाच्या मास्तराला एवढे आमिष पुरे होते. अडगळ अंगणात तशीच राहिली आणि मी नातीजवळ बसकण मारली. तेव्हापासून त्या पेटीने मला जो नाद लावला, त्याचे फलित म्हणजे हा लेख.

मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’ आणि त्या पेटीचे नाव ‘टार्डिस’. काळ, अवकाश आणि सापेक्ष मिती अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव केलेले आहे. ही पेटी म्हणजे कालयंत्र. तिच्यात बसून भूतकाळात जाता येते, भविष्यात जाता येते, वाटेल त्या ग्रहावर उतरता येते. मात्र ठरवलेल्या ठिकाणी नेमके उतरता येईलच, याची खात्री नाही. आमच्या गावाकडून जाणाऱ्या बसगाड्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे यंत्र ओळखीचे वाटावे.

काळाच्या प्रवासाची कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. रैवत ककुद्मी राजाची कथा भागवतात आहे. आपल्या रेवतीला योग्य वर कोणता, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गायन चालू होते; मध्येच कसे बोलावे म्हणून बिचारा क्षणभर थांबला. गाणे संपल्यावर त्याने मनातल्या वरांची यादी ब्रह्मदेवापुढे ठेवली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. एवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली होती, आणि यादीतल्या वरांचे नातू-पणतूही उरले नव्हते. शेवटी रेवती बलरामाला दिली. आधीच्या युगातली म्हणून ती फार उंच होती, तेव्हा बलरामाने तिला नांगराच्या फाळाने खाली ओढून आपल्या मापाची केली, असे विष्णुपुराण सांगते. तिकडे मुचकुंद गुहेत झोपला तो युगे उलटल्यावर उठला. पण या दोघांचाही प्रवास पुढच्याच दिशेचा. मागे जाण्याची सोय आपल्या पुराणात मला तरी आढळली नाही. आणि माणसाची खरी ओढ तर मागे जाण्याची असते.

ती सोय युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. यंत्रांचे युग होते, तेव्हा काळावरही यंत्रच चालवावे असे लेखकांना वाटले, यात नवल नाही. १८८७ साली एन्रिके गास्पार या स्पॅनिश लेखकाने काळात उलटे जाणाऱ्या एका लोखंडी पेटीची कादंबरी लिहिली. पुढे १८९५ मध्ये एच. जी. वेल्स यांचे ‘द टाइम मशीन’ आले आणि यंत्राला नाव मिळाले. वेल्सच्या यंत्रावर खोगीर आहे. प्रवासी त्यावर सायकलवर बसावे तसा बसतो. उघड्यावर बसून लाखो वर्षांचा प्रवास करायचा, म्हणजे गृहस्थाची छाती मोठीच म्हणायची. कुटुंबकबिला घेऊन जायचे तर भिंती आणि दार असलेले वाहन हवे. ते मिळायला १९६३ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन नावाचे कॅनडातून आलेले गृहस्थ होते. शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम संपला की तरुणांच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू होईपर्यंत मध्ये एक पोकळी पडे. मुले, आईबाप आणि आजीआजोबा एकत्र बसून पाहतील असे काहीतरी तिथे हवे होते. न्यूमन यांनी अट घातली की मुलांना त्यातून इतिहास आणि विज्ञान कळले पाहिजे. म्हणून प्रवाशांमध्ये दोन शिक्षक घातले: विज्ञानाचे इयान चेस्टरटन आणि इतिहासाच्या बार्बरा राइट. इतिहासाच्या शिक्षकाला नायिकेचा मान देणारी मालिका मी प्रथमच पाहत होतो, हे माझ्या पक्षपाताचे एक कारण समजावे. न्यूमन यांची दुसरी अट अशी की बटबटीत डोळ्यांचे राक्षस मुळीच नकोत. ही अट डिसेंबरातच मोडली. ‘डॅलेक’ नावाचे यंत्ररूपी राक्षस आले, ते सगळ्या इंग्लंडातल्या मुलांनी डोक्यावर घेतले आणि १९६७ पर्यंत निव्वळ इतिहासाच्या कथा जवळजवळ बंद पडल्या. इतिहासाच्या तासाला असेच होते.

निर्मितीचे काम व्हेरिटी लँबर्ट या सत्तावीस वर्षांच्या तरुणीकडे आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आले. वारिस हुसेन मूळचे लखनौचे. त्यांच्या आई अतिया हुसेन या नावाजलेल्या लेखिका. स्वातंत्र्याच्या सुमारास हे कुटुंब लंडनला गेले, देशाची फाळणी झाली आणि आई तिथेच राहिल्या. आपले जुने जग एका रेषेपलीकडे गेल्याचे दुःख त्या घरात होते. त्या घरातल्या मुलाच्या हाती काळाच्या पेटीचे पहिले दार यावे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आता पेटीविषयी. पैसा थोडा होता आणि लाइम ग्रोव्ह येथला स्टुडिओ लहान. चकचकीत यान परवडण्यासारखे नव्हते. रस्त्यावर दिसणारी एखादी साधी वस्तूच यंत्र म्हणून घ्यावी, असे ठरले. लेखक अँथनी कोबर्न फिरायला गेले असता त्यांना पोलिसांची पेटी दिसली आणि प्रश्न सुटला, असे सांगतात. मग कथेत खुलासा केला: हे यंत्र जिथे उतरेल तिथल्या परिसराला शोभेल असे रूप घेते, पण १९६३ च्या लंडनमध्ये ती कळ बिघडली आणि पोलिसांच्या पेटीचे रूप कायमचे चिकटले. प्रत्येक गोष्टीसाठी नवे रूप बांधण्याचा खर्च त्यामुळे वाचला. काटकसरीतून निघालेली एवढी सुंदर कल्पना माझ्या पाहण्यात दुसरी नाही. सुगरणीच्या हातची शिळ्या भाकरीची फोडणी मात्र तिच्या जवळपास येईल.

ही पेटी त्या काळच्या प्रेक्षकांच्या अगदी रोजच्या ओळखीची होती. मेट्रोपॉलिटन पोलिसांसाठी गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १९२९ पासून ती लंडनच्या रस्त्यांवर उभी राहू लागली. पुढे तिची संख्या सातशेच्या घरात गेली. भिंती काँक्रीटच्या, दार लाकडी, डोक्यावर दिवा. दाराशेजारच्या लहान झडपेआड टेलिफोन असे. संकटातला कोणीही नागरिक तो उचलून पोलिसांशी बोलू शके. आत हवालदाराला बसून अहवाल लिहिता येई, डबा खाता येई, आणि वेळ पडली तर गाडी येईपर्यंत एखाद्या चोराला डांबून ठेवता येई. पुढे पोलिसांच्या खांद्यावर बिनतारी यंत्रे आली आणि पेट्या एकेक करून उखडल्या गेल्या. खऱ्या पेट्या विस्मरणात गेल्या, नाटकातली उरली. १९९६ साली बीबीसीने या आकृतीवर आपला व्यापारी हक्क नोंदवण्यासाठी अर्ज केला, तेव्हा पोलिसांनी हरकत घेतली. पेटी मुळात आमची, असे त्यांचे म्हणणे. २००२ साली निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. लोकांना पेटी पाहिली की पोलीस आठवत नाहीत, डॉक्टर आठवतो. एवढ्यावर पोलिसांचा इतिहास पोलिसांच्या हातून गेला!

पेटी सुरू होताना एक घरघर येते, एखादा अजस्र प्राणी कण्हत श्वास घेतो आहे असे वाटते. ब्रायन हॉजसन नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने आपल्या आईच्या घराची किल्ली एका जुन्या पियानोच्या तारांवरून खरवडली आणि ते ध्वनिमुद्रण फिती उलटसुलट करून, संथ करून हा आवाज घडवला. रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकसंगीताला डीलिया डर्बिशर या बाईंनी असेच रूप दिले. एकेक सूर वेगळा बनवायचा, फितीचा तुकडा कापायचा आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा. वाकळ शिवण्याचाच प्रकार. फक्त चिंध्या आवाजाच्या.

पेटीचा सर्वांत प्रसिद्ध गुण असा की ती बाहेरून लहान आणि आतून मोठी आहे. दार उघडून आत गेले की प्रशस्त पांढरे दालन, मध्ये षट्कोनी मेज, त्यावर कळा आणि दिवे. पहिल्या भागात दोघे शिक्षक आत पाऊल टाकतात आणि त्यांचा विश्वासच बसत नाही. आम्हा आसगावकरांना मात्र हे पटायला जड जाऊ नये. आमच्या जवळच पवनी आहे. तिथली जगन्नाथ टेकडी बाहेरून पाहणाराला साधी टेकडीच. १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले, तेव्हा आतून इसवी सनापूर्वीच्या काळातला बौद्ध स्तूप निघाला. मुचलिंद नागाचे शिल्प कोरलेला स्तंभ निघाला, ब्राह्मी अक्षरे निघाली. टेकडी तेवढीच होती. आतला काळ दोन हजार वर्षांहून लांब होता.

पहिला भाग शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे लक्ष कुठून असणार? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. म्हणजे काळाच्या पेटीचा पहिला प्रवास झाला तो एक आठवडा मागे. विल्यम हार्टनेल या वयस्क नटाने रंगवलेला तिरसट, कोड्यात बोलणारा डॉक्टर हळूहळू लोकांना आजोबांसारखा वाटू लागला.

या आजोबांनी पेटीसाठी एक कायदा घालून दिला होता. भूतकाळात जा, पाहा, माणसांत मिसळा. पण घडलेल्यातले अक्षरही बदलता येणार नाही. १९६४ च्या ‘द अ‍ॅझ्टेक्स’ या कथेत त्याची परीक्षा होते. प्रवासी मेक्सिकोत उतरतात आणि तिथले लोक बार्बराबाईंना एका पूर्वीच्या पुरोहिताचा अवतार समजून देवीसारखे पुजू लागतात. बाई इतिहासाच्या शिक्षिका. स्पॅनिश लोक येऊन ही संस्कृती धुळीस मिळवणार, हे त्यांना ठाऊक आहे. नरबळीची चाल आताच बंद पाडली तर या लोकांतले जे चांगले ते वाचेल, असे त्यांना वाटते. त्या जिवापाड झटतात आणि हरतात. बळी दिला जातोच. एका वृद्ध पुरोहिताचे मन तेवढे त्यांच्या बोलण्याने पालटते. साऱ्या मोहिमेची कमाई तेवढीच, आणि डॉक्टर त्यांचे सांत्वन करतो ते तेवढ्यावरच.

ही कथा पाहताना मला माझा वर्ग आठवला. पानिपताचा धडा आला की एकही वर्ष असे गेले नाही, जेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला नाही: ‘गुरुजी, बायामुलं अन् यात्रेकरू मागं ठेवले असते तर?’ १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी माणसाच्या मनात इतिहास म्हणून राहत नाही, ठसठसत राहते. जयंत नारळीकरांनी ही ठसठस बरोबर ओळखली. १९६३ साली इंग्लंडात ही पेटी प्रथम दिसली तेव्हा ते केंब्रिजलाच फ्रेड हॉइल यांच्याबरोबर संशोधन करीत होते. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. ज्या कथेने मराठी वाचकाला काळाचा खरा धक्का दिला, ती मात्र ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांचा अपघात होतो आणि ते अशा मुंबईत पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली. एवढाच फरक, आणि पुढचा सारा इतिहास दुसरा!

पण नारळीकर वैज्ञानिक होते आणि अतिशय सावध लेखक होते. त्यांनी गंगाधरपंतांना गोळी अडवू दिली नाही. पंतांना फक्त पाहता आले, ग्रंथालयात बसून वाचता आले. आझाद मैदानावरच्या सभेत त्यांनी बोलायला तोंड उघडले, तेव्हा लोकांनी त्यांना व्यासपीठावर टिकू दिले नाही. परत आले तेव्हा हाती काय, तर खिशात राहिलेले बखरीचे एक फाटके पान. मुंबईचे पंत आणि लंडनच्या बार्बराबाई यांची कधी भेट झाली असती, तर दोघांनी चहा पिताना एकमेकांना काय सांगितले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. दोघेही पेशाने इतिहासाचे. दोघांनाही गेलेल्या काळात जाता आले. दोघांच्याही हाती आले ते अगदी थोडे.

आता या पेटीच्या चरित्रातला सर्वांत विलक्षण अध्याय.

जी पेटी मार्को पोलोच्या तांड्यात गेली, फ्रेंच राज्यक्रांतीत गेली, रोमला गेली, तिचा स्वतःचा भूतकाळच नष्ट करण्यात आला, आणि तो कोणा राक्षसाने केला नाही. चित्रफिती महाग होत्या. एकीवर जुने पुसून नवे मुद्रित करता येई. नटांच्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत प्रक्षेपण आल्यावर काळ्यापांढऱ्याला कोण विचारतो? घरी चित्रफीत विकत घेऊन कोणी पाहील, हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा कपाटे रिकामी करण्यात आली. आधी फिती पुसल्या, मग परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही जाळल्या वा फेकल्या. १९७८ च्या सुमारास हे थांबले, तोवर पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांतले कितीतरी गेले होते. शोधाशोध होऊन काही परत आले, तरी नव्वदाहून अधिक भागांची हालती चित्रे आजही बेपत्ता आहेत. दिवाळीची साफसफाई म्हणतात ती हीच. आपण इंग्रजांना हसू नये. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा, त्याची एक फूट फिल्मही आज कोणाला दाखवता येत नाही.

वारिस हुसेन यांनी ज्याचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले, तो ‘मार्को पोलो’ सातही भागांनिशी गेला. त्यात मार्को पोलो डॉक्टरची निळी पेटी हिसकावून घेतो. कुबलाईखानाला ती नजर करावी आणि बदल्यात मायदेशी जाण्याची परवानगी मिळवावी, असा त्याचा बेत. पुढे म्हातारा डॉक्टर आणि म्हातारा खान सोंगट्यांचा डाव मांडतात. डॉक्टर हत्ती जिंकतो, घोडे जिंकतो, शेवटी सारी कमाई पेटीवर लावतो आणि हरतो. धर्मराजाची आठवण न होणारा मराठी प्रेक्षक विरळा.

कथा एवढी तपशीलवार सांगता येते, ती कशाच्या जोरावर, असे कोणी विचारील. चित्रे गेली, पण आवाज राहिला. इंग्लंडातल्या घरोघरच्या काही मुलांनी दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरच्यांना गप्प बसवून, हे भाग आपल्यापुरते मुद्रित करून ठेवले होते. मोठ्या संस्थेने जे पुसले, ते शाळकरी मुलांच्या खोलीत उरले, आणि हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे तो त्यांच्यामुळे. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार पडद्यावर चालू असलेल्या कार्यक्रमाचे फोटो काढून विकत. ‘मार्को पोलो’ च्या बऱ्याचशा भागांचे असे फोटो सापडले. काही भाग १९८३ साली लंडनमध्ये एका चर्चच्या तळघरात मिळाले. एक आख्खी कथा १९९२ साली हाँगकाँगहून आली. २०१३ साली नायजेरियातून हरवलेले नऊ भाग एकदम मिळाल्याची बातमी जाहीर झाली. सर्वांत गमतीची गोष्ट ऑस्ट्रेलियाची. मुले भितील म्हणून तिथल्या परीक्षण मंडळाने काही दृश्ये कापून काढली आणि सरकारी शिस्तीप्रमाणे तुकडे जपून ठेवले. पुढे भाग हरवले आणि तुकडे राहिले. म्हणजे त्या भागांतले जे पाहू नका म्हणून सांगितले, तेवढेच आज पाहता येते!

मालिका १९८९ साली बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. डॉक्टरचे रूप बदलत गेले. नातीने मला दाखवलेल्या कथेत तर डॉक्टर ही बाई आहे. ती कथा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी दाखवलेली ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, विनय पटेल यांनी लिहिलेली. यास्मिन नावाची इंग्लंडात वाढलेली मुलगी आपल्या आजीच्या तरुणपणात, फाळणीच्या आठवड्यात जाते. आजी उंब्रीन मुसलमान, तिचा नवरा प्रेम हिंदू. शेतातून सीमेची दोरी ओढली जाते आणि प्रेमचा सख्खा भाऊ धर्माच्या नावाने पेटलेल्यांना घेऊन येतो. रानात दोन भयंकर आकृती वावरत असतात; तेच मारेकरी असे सर्वांना वाटते. शेवटी कळते की ते मारायला आलेले नाहीत. ज्यांच्या मरणाला कोणी जवळचे साक्षी नाही, त्यांच्याजवळ उभे राहून ते मरण आठवणीत ठेवायचे, एवढेच त्यांनी पत्करलेले काम आहे. यास्मिनला प्रेमला वाचवता येत नाही. ती पाहून परत येते. आजीला काही विचारत नाही, सांगत नाही.

मालिका संपल्यावर नात म्हणाली, ‘आबाजी, तुम्हाला पेटी मिळाली तर कुठे जाल?’ शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला, असे मी म्हणेन अशी तिची अपेक्षा होती. मी उत्तर टाळले. माझ्याकडे एक तारीख होती. पण ती रायगडाची नव्हती, १९८९ च्या पावसाळ्यातली होती.

माझे वडील दंडारीत गात. झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्र रात्र दंडार चालते, हे भंडाऱ्याकडच्या वाचकांना सांगायला नको. १९८४ साली मी टेपरेकॉर्डर घेतला, तेव्हा वडिलांचे गाणे सुटले होते, दम लागत असे. तरी एका दुपारी त्यांना ओसरीवर बसवून मी एक फीत भरून घेतली. १९८८ साली वडील गेले. पुढच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगसाठी मुलांचे समूहगीत मुद्रित करायचे होते. कोरी फीत घरात नव्हती, दुकान पवनीला, आणि पाऊस थांबत नव्हता. वडिलांची फीत हाताशी होती. ‘त्यांचे गाणे तर आपल्या ध्यानात आहेच’ असे मी मनाशी म्हटले आणि तांबडी कळ दाबली. ध्यानात काही राहिले नाही. चाली अर्ध्या राहिल्या, शब्द गेले.

अंगणातल्या अडगळीत ती फीत नातीच्या हाती लागली. वाजवायला यंत्र नव्हते. गावातल्या एका घरून जुने मागून आणले. समूहगीत लागले, पेटीचा सूर, मुलांचे वरच्या पट्टीतले गळे. ही मुले आता पन्नाशीकडे झुकलेली आहेत. गाणे संपले, मुलांची कुजबुज थांबली. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर नातीने तो धरला.

थोडी खरखर झाली. मग, फितीच्या अगदी टोकाशी, जिथवर माझे समूहगीत पोचले नव्हते तिथे, कोणी खोकले आणि धाप टाकीत वडिलांच्या आवाजात विचारले, ‘चालूच हाय का रे अजून?’